मूल जेवत नाही, तेव्हा आपण काय करावे?

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात आरोग्य समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यासाठी विषय ठरवण्यापूर्वी आम्ही महिला मंडळातील भगिनींना विचारले होते की, घरात सर्वांत जास्त डोकेदुखी कशाची? मुलांच्या फीचे, घराच्या हप्त्याचे, नोकरीचे काही निघेल असे आम्हाला वाटले होते. पण ज्यांच्या घरी एक ते तीन वर्षांचे मूल आहे, त्या सगळ्यांचे उत्तर एकच आले : "ताई, पोरगं जेवतच नाही." ताट घेऊन मागे धावावे लागते, तोंड उघडत नाही, घास गालात धरून ठेवते, भाजी दिसली की तोंड फिरवते. एका ताईंनी तर सांगितले की, सकाळचे जेवण संपते तोवर संध्याकाळच्या जेवणाची वेळ होते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

काही ज्येष्ठ मंडळींना वाटेल, विहाराच्या सभागृहात हा कसला विषय? त्यांना आम्ही आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगू. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आली आहे. भगवान बुद्ध आळवी नगरात गेले असता एका गरीब शेतकऱ्याला उपदेश ऐकायचा होता, पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो धावतपळत, उपाशीपोटी सभेला पोहोचला. बुद्धांनी सर्व सभा थांबवून ठेवली, उरलेल्या अन्नातून आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याची भूक शमल्यावरच उपदेश सुरू केला. सोबतच्या भिक्खूंना याचे नवल वाटले. तेव्हा भुकेने कळवळणाऱ्या माणसाला धम्म कळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा पोटाचा विषय धम्माबाहेरचा, असे निदान आपण तरी म्हणू नये.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांतली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. ज्या घरातून आपल्याला घटनाकार मिळाले त्या घराची ही स्थिती होती, मग इतर घरांची काय असेल? आज बालमृत्यू पुष्कळ कमी झाले आहेत, पण मुलांच्या अंगात रक्त आहे का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे तिनांतली दोन मुले. यात फक्त गरिबांची मुले आहेत असे समजू नका. फ्रीज भरलेल्या घरातही रक्तक्षय असतो.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मूल जेवत नाही म्हणजे नेमके काय होते?

जन्माच्या वेळी मूल साधारण तीन किलोचे असते. पहिल्या वर्षात त्याचे वजन जवळजवळ तिप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांसाठी आपल्या दिल्लीतील मुलांचीही मोजमापे घेतली होती. त्या तक्त्याप्रमाणे मधला मुलगा जन्मताना ३.३ किलोचा, वर्षाचा होताना ९.६ किलोचा, दोन वर्षांचा होताना १२.२ आणि तीन वर्षांचा होताना १४.३ किलोचा असतो. मुलींचे आकडे थोडे कमी आहेत. आता वजाबाकी करून पाहा. पहिल्या वर्षात सहा किलोंहून जास्त वाढ, दुसऱ्या वर्षात अडीच किलो, तिसऱ्या वर्षात जेमतेम दोन. वाढीचा वेग असा मंदावला की भूकही मंदावते. नेमके याच वयात मूल चालायला लागते, त्याला सगळे घर पाहायचे असते आणि "नाही" हा शब्द नवा नवा शिकलेला असतो. शिवाय अनोळखी पदार्थ तोंडात घ्यायची भीती दीड-दोन वर्षांच्या सुमारास वाढते. काल आवडीने खाल्लेला भोपळा आज नको असतो. हे सारे निसर्गक्रमाने होते. मूल हट्टी झाले, आईने लाडावले, सुनेला भरवता येत नाही, असे निष्कर्ष काढण्याची काही गरज नाही.

पण आपण तसे निष्कर्ष काढतो, आणि मग जबरदस्ती सुरू होते. ही जबरदस्ती आपल्या घरांत एवढी का, याचा आम्ही बराच विचार केला. आमचे मत असे की, त्याचे मूळ आपल्या इतिहासात आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकराची पाळी असताना दारोदार फिरून गोळा केलेल्या भाकरीवर दिवस काढले. मेलेल्या जनावराचे मांस वाळवून पावसाळ्यासाठी ठेवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, हे मृत मांस आणि उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, आणि आपल्या माणसांनी अर्धपोटी राहून ते सोडले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. इथे बसलेल्यांपैकी अनेक आज्यांनी तेव्हा कडेवर मूल घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना ताटात उरलेला भात पाहवत नाही. आजीच्या तोंडून निघते : "आम्हाला मिळत नव्हतं, आणि तुला नको होतंय?" त्या वाक्यामागे तीन पिढ्यांची भूक आहे. आम्ही त्या भावनेचा अनादर करत नाही.

परंतु दोन वर्षांच्या मुलाला त्यातले काय कळणार? त्याने तोंड फिरवले म्हणजे त्याने अन्नाचा अपमान केला, असे नाही. त्याचे पोट भरले आहे किंवा त्याला अजून भूक लागलेली नाही, एवढेच ते सांगते आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून ते तोंड फिरवते, घास थुंकते, चमचा ढकलते. हाच त्याचा "पुरे" हा शब्द आहे. नाक दाबून, हातपाय धरून, डोळे वटारून आपण तो शब्द मागे घ्यायला लावतो. ज्या समाजाला शतकानुशतके "नको" म्हणायचा अधिकार नव्हता, त्या समाजाने आपल्या लेकरांचा पहिला "नको" तरी ऐकून घ्यायला हवा, असे आम्हाला वाटते.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. राजा भरमसाट भात खायचा आणि धापा टाकत बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी त्याला सावधपणे, माप ओळखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी त्याला रोजचे शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार मापात आला आणि अंग हलके झाले. एवढ्या मोठ्या राजाला जे पैसे मोजून दुसऱ्याकडून शिकावे लागले, ते माप तान्ह्या मुलाजवळ उपजत असते. अंगावर पिणारे मूल पोट भरले की आपणहून तोंड सोडते. त्याला कोणी शिकवलेले नसते. "आणखी एक घास, बाबांचा घास, मामाचा घास" करत आपण ते माप मोडतो, आणि मग तेच मूल मोठेपणी बेताल खाऊ लागले की डॉक्टरकडे नेतो.

यावर एक फार चांगला प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ पासून काही वर्षे नुकतेच वरचे खाऊ लागलेल्या बालकांवर तो केला. एकूण पंधरा मुले होती. त्यांच्यासमोर वेगवेगळ्या भांड्यांत साधे पदार्थ ठेवले जात : दूध, अंडी, मांस, धान्ये, भाज्या, फळे. सर्व मिळून चौतीस पदार्थांची यादी होती. परिचारिकेने चमचा हातात घेऊन नुसते बसायचे. मूल ज्या भांड्याकडे हात करील तेच द्यायचे. "हे खा", "ते नको", "शाब्बास" यांतले काहीही बोलायचे नाही. मुलांनी विचित्र जेवणे केली. कोणी एका वेळी केळीच केळी खाल्ली, कोणी अंडीच अंडी. पण महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांचा आहार पुरेसा निघाला आणि मुले धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलासमोर कॉड लिव्हर तेलाचा पेला ठेवला होता. आजार बरा होईपर्यंत ते मूल स्वतःहून तेल पीत राहिले आणि नंतर प्यायचे सोडून दिले.

ही कथा ऐकून कोणी म्हणेल की मुलाला जे हवे ते द्या. तसे मुळीच नाही. १९३९ मध्ये हा प्रयोग सविस्तर मांडताना डेव्हिसबाईंनी स्वतःच खरी मेख सांगितली की, यादी मोठ्यांनी केली होती. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, मैद्याची बिस्किटे नव्हती, तळलेली पाकिटे नव्हती. चांगल्यातून निवडायचे स्वातंत्र्य होते, म्हणून चुकीची निवड होणे शक्यच नव्हते.

पुढे एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात यावरून कामाची वाटणी सांगितली आणि ती आता जगभर मानली जाते. काय द्यायचे, कधी द्यायचे आणि कुठे बसून द्यायचे, हे आईबापांनी ठरवायचे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवायचे. आपल्याकडे सध्या नेमके उलटे चालते. काय खायचे ते मूल ठरवते, दुकानाकडे बोट दाखवून. आणि किती खायचे ते आपण ठरवतो, हात धरून.

एक उदाहरण देतो. एका आजींनी आमच्याकडे तक्रार केली की, नातू दोन वर्षांचा झाला पण काहीच खात नाही. आम्ही त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला सांगितले की, तीन दिवस त्याच्या तोंडात जे जे जाईल ते वहीत लिही, एक घोटसुद्धा सोडू नको. तिने फार मनापासून काम केले. पहिल्या दिवसाची नोंद अशी होती : सकाळी सातला अर्धा कप चहा आणि चार बिस्किटे. नऊला बाटलीभर दूध, साखर घालून. साडेदहाला शेजारच्या काकूंनी दिलेली दोन बिस्किटे. बाराला वरणभात, तीन घास, मग रडारड. एकला पुन्हा बाटलीभर दूध, "जेवला नाही म्हणून". चारला चहा आणि दोन बिस्किटे. साडेपाचला काकांनी आणलेले पाच रुपयांचे पाकीट. आठला पोळीभाजी, एक घास, मार. साडेआठला बाटलीभर दूध. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार उष्मांक लागतात. या यादीत दूध, बिस्किटे, चहाची साखर आणि पाकीट मिळून सातशेच्या घरात जातात. मग पोटात जागा कुठे राहिली? मूल खात नव्हते असे नाही, ते दिवसभर खात होते. ज्या दोन वेळी सगळे घर त्याच्याकडे पाहत बसायचे, त्या वेळी मात्र त्याला भूक नसायची.

घरी गेल्यावर सर्वांनी ही वही करून पाहा. औषधांच्या दुकानातली भूक वाढवायची बाटली आणण्याआधी तरी करा.

आता चहाविषयी बोलावेच लागेल, कारण आपल्या वस्त्यांत मूल वर्षाचे झाले की बशीत चहा सुरू होतो. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. रक्तक्षय असलेल्या मुलाला जेवणाच्या आगेमागे चहा देणे म्हणजे एका हाताने दिलेले लोह दुसऱ्या हाताने काढून घेणे. पाच वर्षांखालील मुलाला चहाची काहीही गरज नाही. दुधाचेही तसेच. दूध चांगले आहे, पण त्यात लोह नगण्य असते. वर्षावरच्या मुलाला दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक वरचे दूध दिले तर भूक मरते आणि रक्त कमी होते. दूध वाटीने किंवा पेल्याने द्या, बाटली बंद करा. आईचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायला हरकत नाही.

दुसरी एक समजूत डाळीच्या पाण्याची आहे. वरणाचे वरचे पाणी पचायला हलके आणि ताकदीचे, म्हणून मुलाला तेच भरवतात. खाली बसलेली डाळ मोठी माणसे खातात. ताकद त्या खालच्या डाळीत असते, वरच्या पाण्यात पोट भरण्यापलीकडे फारसे काही नाही. मुलाचे पोट लहान, तेव्हा त्यात घट्ट अन्न जायला हवे. घोटलेले वरण, मऊ भात, वरून चमचाभर तेल किंवा तूप. नाचणीची दाट पेज, ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी, उकडलेले अंडे, मुगाचे धिरडे, थालीपीठ, काटे काढलेला मासा. ज्यांच्या घरी मटण होते त्यांनी कलेजीचा लहानसा तुकडा मऊ शिजवून कुस्करून द्यावा, त्यात लोह भरपूर असते. सुकट स्वच्छ करून, भाजून, तिची पूड आमटीत घातली तर मुलाला कळतही नाही. पालेभाजीवर आणि वरणभातावर लिंबू पिळा, त्याने वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. महागड्या डब्यातल्या पावडरीसाठी हप्ता काढायची गरज नाही. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तो त्या मुलासाठी असतो. पुष्कळ घरांत त्याची पाकिटे तशीच पडून राहतात, याचे वाईट वाटते.

एक सावधगिरी मात्र लक्षात ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कडक चिक्की हे चार-पाच वर्षांखालील मुलाला देऊ नये, श्वासनलिकेत अडकते. शेंगदाणे कुटूनच द्यावे. तसेच धावत्या, खेळत्या किंवा रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबू नये.

वेळापत्रकाचे म्हणाल तर दर अडीच-तीन तासांनी काहीतरी, असे दिवसातून पाच वेळा पुरते. तीन जेवणे आणि दोन मधली खाणी. मध्ये फक्त पाणी. जेवण एका ठिकाणी, बसून, शक्यतो घरातल्या कोणाबरोबर. वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. मुलाने तोंड फिरवले की एकदा विचारावे, आणि मग ताट उचलावे. रागाने नाही, आणि "बघ, आता मिळणार नाही हं" असे धमकावूनही नाही. नुसते उचलावे. अडीच तासांनी पुढचे खाणे आहेच. पण त्या अडीच तासांत बिस्किट द्यायचे नाही, हा यातला अवघड भाग आहे, आणि तो मुलापेक्षा आजी-आजोबांना जास्त अवघड जातो. धडधाकट मूल एखाद्या वेळी कमी जेवले म्हणून काही बिघडत नाही. हिशेब दिवसाचा धरू नका, आठवड्याचा धरा.

नवी भाजी देताना ओळखीच्या पदार्थाशेजारी चिंचोक्याएवढी ठेवावी. मूल तिला हात लावील, वास घेईल, चाटेल, टाकून देईल. दोन दिवसांनी पुन्हा ठेवावी. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर पुष्कळ मुले ती खाऊ लागतात. आपण तिसऱ्याच वेळी "याला पालक आवडत नाही" असा शिक्का मारतो, आणि मूलही तो शिक्का मिरवते. तेव्हा मुलाच्या देखत असे बोलू नये. स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे, सांडले तर सांडू द्यावे. खाली जुना पेपर अंथरला की झाले.

लालूच दाखवणेही टाळावे. "भाजी संपवलीस तर चॉकलेट" म्हणजे भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हे आपणच शिकवतो. लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले. जे पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस मिळत होते, तेच पेय त्यांना पुढे कमी आवडू लागले. आणि मोबाईल! समोर मोबाईल लावला की मूल आ करते, हे खरे. पण ते काय खाते, किती खाते, हे त्याला कळत नाही. ज्या मापाविषयी आपण मघाशी बोललो ते माप झोपवून ठेवायचा हा उपाय आहे. मोबाईल मुलाच्या हातात देतो आपण, आणि तक्रार करतो पुन्हा मुलाचीच.

आमच्या बालवाडीत दर शनिवारी अंगतपंगत असते. घरी उसळ न खाणारे मूल शेजारच्याच्या डब्यातली उसळ मागून खाते, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. मुले सांगितलेले ऐकत नाहीत, पाहिलेले करतात. वडील स्वतः ताटातली मेथी बाजूला सारत असतील तर मुलाने ती खावी अशी अपेक्षा धरू नये. वडिलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. "मूल जेवत नाही" याचा जाब अजूनही एकट्या आईला द्यावा लागतो. ती दिवसभर भरवते, ओरडा खाते आणि रात्री मुलाच्या ताटातले उरलेले खाऊन झोपते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय निघाला, तो असा. उष्टे खाऊ नका हे बाबासाहेबांनी आपल्याला १९२७ साली सांगितले आणि आपण ते गावापुरते ऐकले. घरातल्या बाईलाही ते लागू आहे. तिला ताजे, गरम ताट मिळावे आणि दिवसातले एक जेवण वडिलांनी भरवावे, ही आमची सूचना आहे. सभागृहात पुरुषमंडळी मागच्या रांगेत बसली आहेत, त्यांनी ती ऐकली असे आम्ही धरून चालतो.

मूल जेवेना म्हणून मीठ-मोहरी ओवाळणे, गंडा बांधणे, अमुक बाबाचा अंगारा लावणे, हे प्रकार बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही चोरून चालतात. त्यात वेळ जातो, आणि कधी कधी तो वेळ फार महाग पडतो. कारण प्रत्येक न जेवणारे मूल निसर्गक्रमाने जेवत नसते असे नाही. दोन-तीन महिने वजन वाढले नाही किंवा उतरले, सतत ताप-खोकला राहिला, जुलाब थांबेनात, तळवे आणि पापण्यांची आतली बाजू पांढरट दिसू लागली, मूल माती किंवा भिंतीचा चुना खाऊ लागले, खेळायचे सोडून मलूल पडून राहिले, किंवा गिळताना ठसका लागून गुदमरू लागले, तर सरळ डॉक्टरांकडे जावे. क्षयरोग, जंत, रक्तक्षय यांमुळेही भूक जाते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाड्या-शाळांतून एक वर्षावरील मुलांना जंताची गोळी दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, पुढे पूर्ण. ती चुकवू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. तेथे "पुरे म्हणाला, ताट उचलले" हे आमचे सांगणे लागू नाही. त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल आम्हाला कशाला बसवले? घरात लहान भावंडांना, भाच्यांना पाकिटे आणून देणारे तुम्हीच आहात. आणि वही ठेवणे, वजनाचा तक्ता भरणे, डब्यावरचे बारीक अक्षर वाचून दाखवणे, हे आजीपेक्षा तुम्हाला सोपे आहे. नर्सिंगला आणि समाजकार्याला असलेल्यांनी आपल्या वस्तीतील पाच-पाच घरे वाटून घ्यावीत. नोंदीसाठी कोऱ्या वह्या संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर याच सभागृहात पाच वर्षांखालील मुलांचे वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजण्याची सोय केली आहे. अंगणवाडीचे किंवा दवाखान्याचे कार्ड सोबत आणावे. मुलांना अंगभर जाड कपडे घालून आणू नये, काट्यावर कपड्यांचे वजन येते. येताना वाटेत त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नये, कारण अकरा वाजता येथेच मुगाची खिचडी आहे. ज्यांना नको असेल त्यांना कोणीही आग्रह करणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.